मताचे मूल्य आणि मोजणीची रीत

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीने आपल्या दासगाव बंदरात उतरले, तेव्हा ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. मात्र निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. ज्या समाजाला मताधिकारच जवळजवळ नव्हता, त्याचा प्रतिनिधी निवडून येणार तरी कसा? म्हणून पहिला लढा मताधिकाराचा होता. त्यामागोमाग दुसरा प्रश्न उभा राहिला : मत मिळाले, तरी ते मोजायचे कोणत्या रीतीने?

24 सप्टेंबर 1932 च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत 148 राखीव जागा मिळाल्या. स्वतंत्र मतदारसंघ मात्र गेले. प्राथमिक फेरीत केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतून अंतिम निवड सर्वांनी मिळून करायची, अशी ती पद्धत होती. प्रतिनिधी आपला, पण अखेरचा कौल बहुसंख्याकांचा.

1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर आला. उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता; एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. परंतु दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. राखीव जागेवर नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा 14,561 मतांनी पराभव केला. याच मतदारसंघात 74 हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. बाबासाहेब व अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. त्यास यश आले नाही. द्विसदस्य मतदारसंघ पुढे 1961 च्या कायद्याने बंद झाले.

आज लोकसभेत ज्याच्या बाजूने बहुमत, तो पंतप्रधान होतो. ते बहुमत मात्र एकेका मतदारसंघातून घडते. समजा, शंभर मतांपैकी तीन उमेदवारांना 36, 33 आणि 31 मते पडली. छत्तीसवाला विजयी होतो. उरलेल्या चौसष्टांचा सभागृहात मागमूसही राहत नाही. याउलट राष्ट्रपती व राज्यसभेच्या निवडणुकीत आपल्या संविधानानेच पसंतीक्रमाची पद्धत ठेवली आहे. मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती नोंदवतो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर मत वाया न जाता पुढच्या पसंतीकडे जाते.

मग लोकसभेला हीच पद्धत का नको? संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली असता बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांची कारणे दोन : या पद्धतीला व्यापक साक्षरता लागते, आणि तिच्यामुळे सभागृहात अनेक गट होऊन सरकार अस्थिर होते. दुसरे कारण आजही विचारात घ्यावे लागेल. पहिले मात्र 1949 इतके बळकट राहिलेले नाही, आणि त्याचे श्रेय खेड्यापाड्यांतील शाळांना व वसतिगृहांना आहे.

26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता येईल, सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता उरेल, असा इशारा त्यांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी दिला होता. राजकारणात 'एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य' हे तत्त्व आपण त्या दिवशी मान्य केले. त्यातील पहिले दोन शब्द कायद्याने पूर्ण केले. 'एक मूल्य' कितपत उतरले, हे मोजणीच्या रीतीवर ठरते. ती रीत समजून घेणे आणि तिच्यावर निर्भयपणे प्रश्न विचारणे हे माजी विद्यार्थ्यांचे व पालकांचे कर्तव्य आहे. चवदार तळ्याच्या वाटेवरील गावाने तरी हे काम इतरांवर सोपवू नये.