पाण्याखालचा दणका

तापीत डुंबताना आम्ही मुलं एक खेळ खेळायचो. एकानं पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे, दुसऱ्यानं लांब जाऊन बुडी मारायची. तो 'खट्ट' आवाज थेट कवटीत घुसायचा. बुऱ्हाणपूरला समुद्र नाही, पण युद्धनौकांची धक्का-चाचणी समजून घेताना मला हाच खेळ कामी आला.

पाणी हवेसारखं दबत नाही. त्यामुळे स्फोटाचा दणका पाण्यातून सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगानं, फारसा न विरता नौकेवर आदळतो. मागोमाग स्फोटातल्या वायूचा प्रचंड बुडबुडा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. तो नौकेखाली आला, तर अख्खी नौका धनुष्यासारखी वाकते.

२१ नोव्हेंबर १९३९ रोजी ब्रिटिश क्रूझर 'बेलफास्ट'खाली जर्मन चुंबकीय सुरुंग फुटला. तळाला भोक लहानच पडलं. पण नौकेचा कणा मोडला, यंत्रं खिळखिळी झाली. ती पुन्हा कामावर आली थेट नोव्हेंबर १९४२ मध्ये! म्हणजे प्रश्न नुसत्या पत्र्याचा नाही. नौका तरंगते आहे, पण इंजिन, पंप, दिवे बंद पडलेत. मग आतल्या माणसांनी करायचं काय?

म्हणून आधी एकेक यंत्राला किनाऱ्यावरच अवजड हातोड्याचे तडाखे देतात, किंवा ते तराफ्यावर ठेवून शेजारी पाण्यात स्फोट करतात. शेवटची परीक्षा खऱ्या नौकेची, तीही खलाशी आत असताना. २०२१ साली अमेरिकेच्या 'जेराल्ड आर. फोर्ड' या विमानवाहू नौकेजवळ असे तीन स्फोट केले. प्रत्येक वेळी सुमारे १८ टन स्फोटकं, आणि दर वेळी अंतर आणखी कमी. पहिल्या स्फोटाची नोंद भूकंपमापकांवर ३.९ तीव्रतेची झाली!

आपल्याकडे नौदलासाठीचं असं काम विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेत चालतं. त्याचं मोल कळायला ९ डिसेंबर १९७१ ची रात्र आठवावी. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या पाणतीरानं आपली 'खुकरी' काही मिनिटांतच बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले.

वर्मी बसलेल्या पाणतीरापासून कुठलीच चाचणी अभय देत नाही. ती मिळवून देते थोडासा वेळ: जिन्यातला दिवा चालू राहण्याइतका, पंप पाणी उपसत राहण्याइतका, खालच्या मजल्यावरचा माणूस डेकवर पोहोचण्याइतका.