पात्यांवरचा भार : ‘सारंग’च्या लाल हेलिकॉप्टरांची कसरत

दोन लाल हेलिकॉप्टरं दोन दिशांनी एकमेकांवर चालून येतात. प्रत्येकाचा वेग ताशी 200 किलोमीटर धरला, तरी दोघांमधलं अंतर दर सेकंदाला शंभर मीटरहून जास्त घटत असतं. आता आदळणार, असं वाटेपर्यंत दोन्ही एकमेकांना ओलांडून गेलेली असतात, तीही नेमकी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. दोघांचे मार्ग अर्थातच आधी आखलेले असतात : एक प्रेक्षकांच्या थोडं जवळून जातं, दुसरं थोडं लांबून. खालून बघणाऱ्याला हे अंतर कळत नाही. वैमानिकाचा कस लागतो तो वेळेत. एकाला दोन सेकंद उशीर झाला, तर ओलांडण्याची जागा पन्नासेक मीटर सरकते आणि सगळा परिणाम वाया जातो.

जानेवारी 2024 मध्ये मुंबईकरांनी मरीन ड्राइव्हवर ज्या पथकाच्या कसरती पाहिल्या, ते भारतीय हवाई दलाचं ‘सारंग’ पथक. 2003 मध्ये बंगळूरला त्याची उभारणी झाली आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या हवाई प्रदर्शनात त्याने पहिला जाहीर कार्यक्रम केला. आता मुक्काम तमिळनाडूत, कोइमतूरजवळच्या सुलूर तळावर. आधी चार हेलिकॉप्टरांचा ताफा होता, आता पाचांचा आहे. लाल अंगावर मोर रंगवलेली ही हेलिकॉप्टरं हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ‘ध्रुव’ आहेत. जगात लष्करी विमानांची कसरतपथकं बरीच आहेत, हेलिकॉप्टरांची मोजकीच. स्पेनची ‘पात्रुया आस्पा’, रशियाची ‘बेरकुती’ अशी थोडी नावं घेता येतात. ही संख्या इतकी कमी का, याचं उत्तर हेलिकॉप्टरच्या माथ्यावर आहे.

विमानाचे पंख अंगाला पक्के जोडलेले असतात. हेलिकॉप्टरचं सगळं वजन फिरत्या पात्यांना टांगलेलं असतं. दोन पात्यांच्या कित्येक हलक्या हेलिकॉप्टरांमध्ये ही पाती मधल्या दांड्यावर तराजूसारखी डोलतात. जोवर वजन खाली ओढत असतं, तोवर हे डोलणं काबूत राहतं. पण वैमानिकाने नाक एकदम खाली दाबलं आणि क्षणभर सगळंच तरंगू लागलं, तर पात्यांवरचा भार निघून जातो. मग वैमानिकाने हातातली दांडी हलवूनही हेलिकॉप्टरचं अंग हवं तसं वळत नाही. घाबरून दांडी आणखी ढकलली, तर पात्यांचा मधला भाग फिरत्या दांड्यावर आपटतो आणि दांडाच तुटू शकतो. असे अपघात घडलेले आहेत. म्हणून अशा यंत्रांच्या वैमानिकाला पहिल्यापासून बजावलं जातं, की पात्यांवरचा भार कधीही जाऊ देऊ नकोस.

ध्रुवची रचना निराळी आहे. त्याच्या चार पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या नाहीत. वर-खाली होण्याचं काम लवचीक संमिश्र धाग्यांचे भाग स्वतः वाकून करतात. त्यामुळे वैमानिकाने दांडी हलवताच पाती अंगाला थेट मुरडतात आणि भार कमी झाला तरी ताबा सुटत नाही. ध्रुवच्या आराखड्यात जर्मनीच्या एमबीबी कंपनीची मदत होती. याच कंपनीच्या बीओ 105 या छोट्या हेलिकॉप्टरने बिनबिजागरीच्या पात्यांवर गोलांट्या घेऊन दाखवल्या आणि पुढे रेड बुलच्या वैमानिकांनी त्या जगभर फिरवल्या. ध्रुव 20 ऑगस्ट 1992 रोजी पहिल्यांदा उडालं. साडेपाच टनांपर्यंत वजन घेऊन उडणारं हे यंत्र सैनिक, सामान आणि जखमींची ने-आण करण्यासाठी बनवलं होतं. कसरतीची चपळाई त्याला पात्यांच्या या रचनेतूनच लाभली, आणि आपल्याकडच्या कारखान्याचं हे काम अभिमानानेच सांगावं असं आहे.

हेलिकॉप्टरने उभी गोलांटी घेण्याची गोष्ट मात्र बरीच जुनी आहे. 1949 मध्ये सिकोर्स्की कंपनीचे चाचणी वैमानिक हॅरल्ड थॉम्पसन यांनी एस-52 या हेलिकॉप्टरने ती घेतली. गोलांटीचं मर्मही भारातच आहे. वैमानिक वेग घेतो, नाक वर ओढतो आणि ओढतच राहतो. गोलांटीच्या माथ्यावर यंत्र उलटं असतं, पण वर्तुळात फिरण्याच्या जोरामुळे माणूस खुर्चीत दाबलेलाच असतो आणि पात्यांवरचा भारही टिकून राहतो. वेग कमी पडला किंवा ओढ मध्येच सैल झाली, तर हेच यंत्र उलट्या अवस्थेत लटकतं.

सारंगचं आकर्षण एकट्याच्या गोलांटीपेक्षा जुळवून उडण्यात जास्त आहे. हिऱ्याच्या आकारात चौघं पुढे येतात, डॉल्फिनने उसळी मारावी तसे उठतात, फुटून चहूकडे जातात, धुराने आकाशात बदाम काढतात. नेता आपल्या हिशेबाने उडतो आणि बाकीच्यांची नजर त्याच्या यंत्रावर खिळलेली असते. त्याच्या अंगावरच्या ठरलेल्या खुणा एका रेषेत दिसल्या, की आपली जागा बरोबर. पुढच्याच्या पात्यांनी खाली ढकललेली हवा मागच्याला हेलकावे देते, म्हणून मागचा सहसा किंचित वर राहतो. विमानांना या त्रासातून वेगाने निघून जाता येतं. हेलिकॉप्टर मंद उडतं, कधी जागीच थबकतं, त्यामुळे त्याला त्या खळबळीत जास्त वेळ काढावा लागतो. वेग कमी करायचा तर नाक वर करावं लागतं, आणि नाक वर गेलं की समोरचं दिसेनासं होतं. नेत्याने आधी इशारा दिला नाही तर मागचा त्याच्यावर जाऊ शकतो. म्हणून नेत्याचा आवाज कानात सतत असतो, आणि कोणती हालचाल कधी होणार हे त्याच्या एका शब्दावर ठरतं.

या कामाची किंमत पथकाने मोजलेली आहे. फेब्रुवारी 2007 मध्ये बंगळूरजवळच्या येलहंका तळावर, ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाआधीच्या सरावात सारंगचं एक हेलिकॉप्टर कोसळलं. स्क्वाड्रन लीडर प्रिये शर्मा यांचा मृत्यू झाला आणि दुसरे वैमानिक गंभीर जखमी झाले. पथक पुन्हा उभं राहिलं. 2021 मध्ये मॉस्कोजवळ आणि दुबईत, तर 2024 मध्ये पुन्हा सिंगापूरला ते खेळलं.

संकटकाळी हीच हेलिकॉप्टरं मदतीला जातात. 2013 मध्ये उत्तराखंडच्या प्रलयात, 2017 च्या ओखी वादळात आणि 2018 मध्ये केरळच्या पुरात पथक बचावकार्यात उतरलं. दरीत अरुंद जागी थबकून माणसं उचलण्यासाठी जे हात लागतात, ते सरावाच्या मैदानावर घडलेले असतात. विंग कमांडर दीपिका मिश्रा सारंगमध्ये कसरती करत होत्या. 2021 मध्ये मध्य प्रदेशच्या पुरात त्यांनी 47 जणांचा जीव वाचवला आणि त्यासाठी त्यांना शौर्याचं वायुसेना पदक मिळालं. हवाई दलातल्या महिलेला मिळालेलं हे पहिलं शौर्यपदक. कसरत हा पोकळ दिखावा आहे, असं म्हणणाऱ्यांनी एवढी एक नोंद तरी वाचावी.

5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातली ध्रुव उड्डाणं थांबवण्यात आली आणि फेब्रुवारीच्या ‘एरो इंडिया’त सारंग उडालं नाही. तपासात संशयाची सुई स्वॉशप्लेटवर आली. वैमानिकाच्या दांडीची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारा हा भाग. तो तुटला, तर पात्यांना हुकूमच पोचत नाही. मे 2025 मध्ये लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवांना उड्डाणाची मुभा मिळाली, तेव्हा नौदल आणि तटरक्षक दलाची ध्रुव मात्र जमिनीवरच ठेवण्यात आली होती.