वाड्याचा राखणदार

दिवाळी झाली की घाटमाथ्यावरचे कित्येक मेंढपाळ कोकणाची वाट धरतात. त्यांचा वाडा तुमच्या रानात खतासाठी बसला असेल, तर पाहिलं असेलच. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, लंगडं कोकरू अन् कुत्र्याची पिल्लं! मोठी कुत्री मात्र पायी. घाट उतरून पावसाळ्याच्या तोंडावर परत येईपर्यंत. रात्री मेंढ्या वाघरीत कोंडल्या की यांची पाळी सुरू. लांडग्याची चाहूल माणसाआधी यांना लागते. खायला काय, तर भाकरीचा तुकडा. म्हातारे मेंढपाळ गेलेल्या कुत्र्याची आठवण घरच्या माणसासारखी काढतात.

मेंढरांना लस टोचतात, कुत्र्याचं नाव निघत नाही. पिसाळलेलं जनावर चावलं, तर कुत्र्यामागे माणसालाही धोका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून सरपंच मंडळी, वाडा हलण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोला. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की पहिली सुई, पुढं डॉक्टर सांगतील तशी. माणसाला चावलंच, तर हळद-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं जखम धुवा आणि वाडा कितीही आडरानात असो, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.