लिंबू मागं का पडत नाही?

या रे पोरांनो, बसा. चैत्रात आपल्या शेंद्र्यात मांगीरबाबाची जत्रा भरते, तेव्हा जालना रोडनं बसा नि टेम्पो भरभरून येतात. समजा, तुम्ही बसमध्ये आहात, बस एकाच वेगानं सरळ चाललीय, आणि तुम्ही लिंबू सरळ वर उडवलंत. कुठं पडेल?

“हातातच!” बरोबर. पण का? कुणी म्हणेल, बसमधली हवा त्याला पुढं नेते. कुणी म्हणेल, वर छप्पर आहे म्हणून. बरं, उघड्या टेम्पोत उडवलं तर? लगेच उत्तर फिरतं: “टेम्पो पुढं जाईल, लिंबू मागं पडेल.”

असं म्हणणाऱ्याला हसू नका. आर्यभटानं पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं, तेव्हा वराहमिहिरानं हीच हरकत घेतली होती: पृथ्वी फिरत असती, तर आभाळात गेलेली पाखरं घरट्याकडं परतली नसती. एवढा मोठा ज्योतिषी, पण मनातलं चित्र तेच. जमीन सुटली की संबंध संपला!

संबंध संपत नाही रे. हातातून सुटताना लिंबाला बसचा वेग असतोच. तो कमी करायला कुणी आडवं आलं नाही, तर तसाच टिकतो. टेम्पोत वारा आडवा येतो, म्हणून लिंबू जरा मागं सरकेल, एवढंच. छप्पर फार तर वारा अडवतं, लिंबाला पुढं नेत नाही. 1632 साली गॅलिलिओनं जहाजाच्या बंद खोलीत उडणारी फुलपाखरं नि ठिबकणारं पाणी दाखवून हेच समजावलं.

तरी छप्पर डोक्यातून जात नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांना 1994 मध्ये कॉलेजच्या मुलांतही हेच दिसलं. ज्याच्या आधारानं आपण गती मोजतो ती संदर्भचौकट, त्यांच्या मनात जणू गाडीचा डबा. वस्तू डब्याबाहेर गेली की चौकटीबाहेर गेली! शिवाय एक गती ‘खरी’, दुसरी नुसती ‘भासणारी’. सूत्रं पाठ असतात हो, चित्र मात्र जुनंच.

आता सांगा. खिडकीतून लिंबू सोडलं. वारा सोडून द्या. तुम्हाला ते सरळ खाली जाताना दिसेल. रस्त्याकडेच्या पोराला वाकडी, पुढं झुकलेली वाट दिसेल. खरी कोणती? “त्या पोराची, तो उभा आहे ना!” उभा कसला? शेंद्र्याची जमीन त्याला घेऊन ताशी सुमारे 1570 किलोमीटर वेगानं पूर्वेला चाललीय.