एका नावाचे दोन धनी

सकाळी ऑफिसात आलो तेव्हा बॅकअपच्या सातही टार फायली जागेवर होत्या. खटकला तो त्यांचा आकार. ग्राहक सात, त्यांचे फोल्डर लहानमोठे. फायली मात्र जवळजवळ सारख्याच. एक उघडली, आत सर्व्हरचे लॉग. दुसरीतही तेच.

बॅशमधली ती स्क्रिप्ट माझीच. लूप एकेका फोल्डरचं नाव 'डिर' या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा, डिस्कवर जागा आहे का ते बघणारं फंक्शन बोलवायचा आणि मग टार करायचा. ते फंक्शन सहकारी मैत्रिणीच्या फाइलमधलं, 'सोर्स' करून घेतलेलं. तिनंही लॉगच्या फोल्डरला 'डिर' हेच नाव दिलं होतं. बॅशमध्ये फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल 'लोकल' म्हणून सांगितलं नाही, तर ते साऱ्या स्क्रिप्टचं होतं. फंक्शनमधून परत येईपर्यंत माझ्या 'डिर'मध्ये तिचा पत्ता बसला होता. एरर एकही नाही.

नावांची ही दाटी जुनीच. बॅशचा पूर्वज असलेला स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. अल्गोल ६८ च्या धर्तीवर त्यांनी 'इफ' उलटवून 'फी'नं संपवला, 'केस' उलटवून 'एसॅक'नं. त्याच न्यायानं 'डू' संपायला हवा होता 'ओडी'नं. पण फाइलमधले बाइट ऑक्टलमध्ये दाखवणारी 'ओडी' कमांड आधीच होती. म्हणून 'डन' आलं. भाषेच्या व्याकरणालाच एका कमांडसाठी सरकून बसावं लागलं.

'लोकल' लिहून माझी चूक मिटली, पण अर्धीच. फंक्शनच्या नावांना 'लोकल' लागू होत नाही. दोन फायलींत एकाच नावाची फंक्शनं असली, तर नंतर सोर्स झालेलं आधीचं पुसतं. फंक्शन कंसात घालून सबशेलमध्ये चालवलं तर गोंधळ बाहेर येत नाही, पण आत व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं उत्तरही आतच राहतं. उरतो तो प्रत्येक नावाला फाइलचं आडनाव लावण्याचा रिवाज. तो पाळला जातोय का, हे बॅश बघत नाही. केएसएच९३ या शेलमध्ये नेमस्पेस, म्हणजे नावांना वेगळी घरं देण्याची सोय, भाषेतच आहे. बॅशमध्ये ती असती, तर दोन 'डिर' आपापल्या घरी राहिले असते.

दुपारी सगळ्या फायलींतली फंक्शनं मोजायला बसलो. 'लॉग' नावाची तीन निघाली. त्यातली दोन माझीच.