सागरी सहलीचा खर्च आणि वटावाची कार्डे

गतवर्षी दिवाळीचे वहीपूजन आटोपून घरातील मंडळी ओसरीवर बसली असता आमच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आजवर समुद्र पाहिला तो डुमसच्या काठावरून. एकदा आतून पाहावयाचा आहे." वहिनींनी चाळीस वर्षांत आमच्याजवळ काही मागितल्याचे आम्हांस स्मरत नाही. ज्येष्ठ बंधू हयात असताना त्यांनीच हा बेत योजिला होता. तो राहून गेला. तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो खर्चाचा, आणि दाणेबाजारात आयुष्य गेलेल्या माणसास भाव न विचारता सौदा करणे जमत नाही. या विचारपुशीत जी माहिती हाती आली, जी दोन-तीन ठेच लागून आली, ती आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरत जिल्ह्यात राहणाऱ्या आपणा सर्वांस समुद्र काही परका नाही. सतराव्या शतकात सुरतेचे जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा यांच्या पेढीकडून इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनीदेखील कर्ज घेत असे. हजिऱ्याहून घोघ्यास जाणारी फेरी नौका ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आले आणि नवखंडा पार्श्वनाथाचे घोघा व पुढे पालिताणा ही यात्रा सोपी झाली. परंतु ती प्रवासाची सोय होय, सहल नव्हे. वहिनींच्या मनात होते ते मोठे जहाज, ज्यावर राहावयाचे, जेवावयाचे आणि रात्री पाण्यावर निजावयाचे.

असे जहाज आपल्याला जवळचे म्हणजे मुंबईचे. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाच्या सहली मुंबईहून सुरू झाल्या. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीकडे होते. गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या त्याने केल्या आहेत. पूर्वी मुंबईहून कोकणपट्टीस आणि पणजीस जाणाऱ्या बोटी वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असतील. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट रेवसनजीक बुडाली, त्या वेळेपासून आमच्या मातोश्रींच्या मनात पावसाळी समुद्राचे जे भय बसले ते शेवटपर्यंत गेले नाही. हल्लीची सहलीची जहाजेही भर पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर सहसा फिरकत नाहीत. समुद्राचाही चातुर्मास असतो म्हणावयाचे. त्यामुळे भाड्याचा हंगाम दिवाळी, नाताळ आणि शाळांची सुटी यांच्याभोवती फिरतो. हे तीन काळ टाळले की मालाचा भाव आपोआप उतरतो.

आता मुख्य विषय. सागरी सहलीचा खर्च कमी करण्याचे दोन मार्ग हल्ली बोलले जातात: एक, सवलतीत विकत घेतलेली गिफ्ट कार्डे, दुसरा, क्रेडिट कार्डावर साठणारे बक्षिसाचे पॉइंट. दोन्हींचे मर्म आपल्या जुन्या हुंडीच्या व्यवहारात सापडते, म्हणून ते आपल्या मंडळींस कळावयास कठीण नाही.

गिफ्ट कार्ड म्हणजे काय? कंपनीने आगाऊ पैसे घेऊन दिलेली, मालाच्या रूपाने फेडावयाची हुंडी. शंभर रुपयांची हुंडी आपण चौऱ्याण्णवास का विकत घेतो? कारण हुंडी लिहिणाऱ्यास पैसा आज हवा असतो. कंपनीचेही तेच आहे. तिच्या हाती रोकड आज येते, माल सहा महिन्यांनी द्यावा लागतो. शिवाय काही कार्डे ग्राहकाच्या कपाटातच राहून मुदत संपते आणि ती रक्कम कंपनीच्या घशात जाते. या दोन लाभांतून ती आपणास वटाव देते. मोठ्या पेढ्या आपल्या नोकरांना वाटण्यासाठी घाऊक कार्डे घेतात, त्यांस वटाव अधिक मिळतो. घाऊक व किरकोळ हा भेद येथेही आहेच. अमेरिकेत कार्निव्हल या जहाज कंपनीची कार्डे किराण्याच्या दुकानातूनही विकली जातात. तेथील कुटुंबे वर्षभर बाजारहाटाबरोबर एकेक कार्ड घेऊन साठवतात आणि सहलीच्या वेळी भाड्यात वळती करतात. आपल्याकडे ही कार्डे मुख्यतः बँकांच्या आणि प्रवास कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. बँकेने किंवा परवानाधारक संस्थेने काढलेले, अनेक दुकानांत चालणारे कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमाखाली येते. २०२१ च्या तिच्या निर्देशांप्रमाणे असे भेटकार्ड १०,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेचे नसावे, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही आणि मुदत किमान एक वर्षाची असावी लागते. परंतु एखाद्या कंपनीने केवळ स्वतःचाच माल घेण्यासाठी काढलेले कार्ड या नियमांत येत नाही. ते त्या कंपनीच्या शब्दावर चालते. कंपनी बुडाली तर कार्डधारक धनकोंच्या रांगेत उभा. म्हणून लाखभराची कार्डे वर्ष वर्ष आधी भरून ठेवू नयेत. सहल ठरली, तारीख ठरली, मग कार्ड घ्यावे.

त्याही आधी एक प्रश्न लेखी विचारावा: हे कार्ड जहाजाच्या भाड्यास चालते काय, आणि एका नोंदणीत किती कार्डे चालतात? प्रवास कंपनीचे कार्ड विमानास व हॉटेलास चालते म्हणून जहाजास चालेलच, असे नाही. तसेच भाड्याव्यतिरिक्त बंदराचे शुल्क, सेवकांची बक्षिसी आणि कर असतात. ते कार्डातून वळते होतात की रोख द्यावे लागतात, हेही विचारून घ्यावे. सहल रद्द झाल्यास परतावा बहुधा रोखीत न येता पुन्हा कार्डाच्याच रूपाने येतो. गव्हाच्या बदल्यात गहूच परत, अशातला प्रकार.

आता ठेच लागली ती सांगतो. आमच्या चिरंजीवांनी फोनवरील एका गटात कोणा अनोळखी इसमाकडून पाच पाच हजारांची चार कार्डे प्रत्येकी तीन हजारांस घेतली. वीस हजारांचा माल बारा हजारांत! घरी आनंदीआनंद झाला. दोन कार्डे चालली, दोन आधीच रिकामी करून ठेवलेली निघाली. म्हणजे बारा हजार देऊन दहा हजारांचा माल पदरी पडला. जुन्या काळी 'शाहजोग' हुंडी प्रतिष्ठित शाहालाच देय असे, तर 'देखाडनार' हुंडी जो दाखवील त्याला. गिफ्ट कार्ड हे दुसऱ्या जातीचे आहे. त्यावरील आकडे ज्याने आधी टिपले त्याचे ते झाले. बाजारात पाच-सात टक्के वटाव चालू असता कोणी चाळीस टक्के देऊ लागला, तर पोत्याच्या तळाशी काय आहे ते बांबी मारून पाहिल्यावाचून गोणी उचलू नये, हे आम्ही गेली चाळीस वर्षे हमालांस शिकवीत आलो आणि घरात मुलास शिकविण्याचे राहिले. अशी फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. आम्ही लाजेपायी चार दिवस घालविले.

पॉइंटांचा हिशेब याहून नाजूक आहे. पॉइंटाला स्वतःची किंमत नसते, तो कशात वटवावा यावर त्याची किंमत ठरते. त्याच बँकेचे तेच पॉइंट बिलात वळते केले तर एक भाव, प्रवासात वापरले तर बहुधा त्याहून बरा भाव आणि मिक्सर वा घड्याळ घेतले तर बहुतेक वेळा पडता भाव. म्हणून पॉइंट किती साठले हे न विचारता, त्याचे रुपये किती होतात, हे विचारावे.

उदाहरणादाखल धरा की एक लाख रुपयांची कार्डे सहा टक्के वटावाने ९४,००० रुपयांस मिळाली आणि ती ज्या क्रेडिट कार्डावर घेतली त्यावर दोन टक्क्यांइतके पॉइंट पडले, म्हणजे १,८८० रुपये. एकूण बचत ७,८८० रुपये. उत्तम. परंतु बिल वेळेवर भरले नाही तर? क्रेडिट कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यावर अठरा टक्के कर. पहिल्या महिन्यास ३,८८२ रुपये गेले. व्याजावर व्याज धरून दुसऱ्या महिन्यास ४,०४२. दोन महिन्यांत सारी बचत जाऊन वर सुमारे ४५ रुपये खिशातले गेले. आपण बाजारात शेकडा दीड-दोनाच्या व्याजावर कपाळाला आठ्या घालतो, आणि येथे वर्षाला चाळीस टक्क्यांवर दर जातो! ज्यास बिल मुदतीत पुरते फेडता येत नाही त्याने या वाटेस जाऊच नये. शिवाय गिफ्ट कार्ड, भाडे, इंधन यांवरचे पॉइंट अनेक बँकांनी बंद केले आहेत वा त्यांस मर्यादा घातली आहे. नियम महिन्यागणिक बदलतात.

काही मंडळी आपल्याच पेढीच्या यंत्रावर आपलेच कार्ड घासून पॉइंट मिळवितात, असे कानी येते. माल न देता घेता केलेला तो व्यवहार होय. बँकेस कळले की कार्ड जाते, यंत्र जाते, पतही जाते. चार पॉइंटांसाठी पिढ्यांची पत!

व्यापाऱ्यास तिसराही एक मार्ग असतो. तेलाच्या, बियाण्यांच्या, बांधीव डाळींच्या कंपन्या ठरावीक उठाव केल्यास जहाजाची सहल फुकट देतात. ती खरोखर फुकट नाही. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकरात अशी तरतूद आली की धंद्याच्या नात्याने दिलेल्या अशा लाभाचे मोल वर्षाला २०,००० रुपयांवर गेले की देणाऱ्याने दहा टक्के कर कापावा. ते मोल आपल्या उत्पन्नातही दाखवावे लागते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विक्रेता आगाऊ कर गोळा करतो, तो पुढे विवरणात वळता होतो, पण तोवर आपली रोकड अडकते. हे दोन्ही चोपडीत लिहून ठेवावे.

आमच्या सौद्यात खरी बचत मात्र कार्डात नव्हती, पॉइंटातही नव्हती. ती खोल्यांच्या मांडणीत निघाली. जहाजाचे भाडे दोन माणसांची एक खोली धरून ठरते. एकट्या माणसास खोली घ्यावयाची तर जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते. पहिल्या हिशेबात आम्ही दोघे एका खोलीत आणि वहिनी एकट्या दुसरीत असे होते. विधवा बाईने एकटीने प्रवास केला तर तिला दुप्पट भाडे, हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "मग मी येत नाही. काठच बरा." त्यांच्या कन्येस, म्हणजे आमच्या पुतणीस, नंदुरबारहून बोलाविले. जवळजवळ तेवढ्याच पैशांत तिचेही जाणे झाले. लहान मुले वा तिसरे माणूस एकाच खोलीत असल्यास त्यांचे भाडे पुष्कळ कमी लागते, हेही कुटुंबवत्सल मंडळींनी विचारून घ्यावे.

आहाराविषयी दोन शब्द. जैन भोजन मिळते काय एवढेच विचारणे पुरेसे नाही. सूर्यास्तापूर्वी मिळते काय, हे चौविहार पाळणाऱ्यांनी नोंदणीच्या वेळीच लेखी विचारावे. पहिल्या दिवशी जहाजावर चढण्याच्या धांदलीत वेळ जातो, म्हणून वहिनींनी बंदरावर निघण्यापूर्वीच जेवून घेतले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तीच आम्हांस अधिक लागली. आमच्या दादांच्या कार्डावर बरेच पॉइंट साठले होते. ते त्यांनी याच सहलीसाठी राखून ठेविले होते. वहिनींस ते हिशेब दाखवीत, "इतके झाले, इतके राहिले." त्यांच्या पश्चात आम्ही बँकेस कळविले, कार्ड बंद झाले आणि त्यासरशी पॉइंटही शून्य झाले. बँकेचे चुकले असे म्हणवत नाही, नियम छापलेला होता. आम्ही वाचला नव्हता. जमीन, दागिने, ठेवी यांना वारस असतो, पॉइंटांना बहुधा नसतो. म्हणून ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या कार्डावर पॉइंट साठून आहेत त्यांनी त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच हाताने, ते वापरून टाकावेत. मुदत दोन-तीन वर्षांची असते, तीही पाहावी.

माघ महिन्यात आम्ही चौघे गोव्यास जाऊन आलो. चलथाणहून सुरत, सुरतेहून मुंबई, तेथून जहाज. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी कोणास न उठविता वर जाऊन बसल्या होत्या; आम्ही गेलो तेव्हा चोहीकडे पाणी, आणि त्या हातात माळ घेऊन स्वस्थ. आम्ही काही न बोलता परत आलो. सहलीचा सारा खर्च आम्ही वहीत दादांच्या खात्यावर नावे टाकला आहे.

खोल्यांच्या मांडणीचा कागद व कंपनीस विचारावयाच्या प्रश्नांची यादी आमच्यापाशी आहे. ज्या बंधूंस हवी असेल त्यांनी दुपारी तीननंतर पेढीवर यावे. सकाळी खानदेशच्या ज्वारीच्या गाड्या उतरत असतात.