पाचट पेटते कशाने?



पाचट जाळू नये हे पटले का, असे आम्ही गटसभेत विचारतो तेव्हा सगळे हात वर होतात. पुढे तोड झाल्यावर फडात जाऊन पाहावे, तर हात वर करणाराच काडी ओढतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले. "साहेब, पटतंय सगळं. पण शिवारात सगळेच पेटवत्यात, मी एकलाच कशाला येडा ठरू?" पुष्कळ वर्षे आम्ही याला आळस समजत होतो. चूक आमची होती.

मध्यंतरी ठाण्याला घोडबंदर रोडवर नातलगांकडे मुक्काम झाला. कासारवडवली, वाघबीळ, ओवळा ही एकेकाळची गावे, आता तिथे उंच इमारतींच्या सोसायट्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. नियम एकच, माणसेही सारखीच शिकलेली. तरी शेजारशेजारच्या दोन इमारतींत दोन तऱ्हा. एकीत दारोदारी दोन डबे, दुसरीत सगळे एकत्र. दुसरीतले गृहस्थही म्हणाले, "वेगळा करायला पाहिजेच हो!" पहिलीतल्या बाई मात्र म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगमध्ये असं चालत नाही." सगळी मेख त्या 'आमच्या' शब्दात आहे.

घरगुती कचऱ्याचाच अभ्यास ऑस्ट्रेलियात टेरी, हॉग व व्हाइट यांनी १९९९ साली प्रसिद्ध केला. गटातले लोक काय करतात याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, असे त्यांना आढळले. जो स्वतःला मनापासून त्या गटातला मानतो, त्याच्या इराद्यावर तो होतो. म्हणजे मत प्रत्येकाचे स्वतःचे असले, तरी ते कृतीत उतरताना माणूस आधी आपल्या माणसांकडे बघतो.

आता आपल्याकडे पाहू. कारखान्याचे सभासद ही आपली ओळख मोठी खरी, पण ती बांधापर्यंत पोचत नाही. बांधावर चालते ती एका चारीची, एका लिफ्टची, भावकीची ओळख. तिथे पाचट ठेवणारा एकटा पडला की त्याचे मत मनातच राहते.

यात नुकसान मात्र मोठे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र आणि ३२ ते ४० टक्के सेंद्रिय कर्ब. काडी लावली की हे धुरात जाते, आणि वारा सुटला तर शेजाऱ्याचा उभा ऊसही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ज्याला मुळात पटलेलेच नाही, तो गटाच्या भिडेने फार तर देखावा करील. म्हणून माहितीही हवी आणि सोबतही.

तेव्हा यंदा एकेकट्याने ठरवू नका. एका चारीवरच्या पाच-दहा जणांनी मिळून ठरवावे आणि टोळीच्या मुकादमालाही तसे सांगावे. तोड होताच पाचट एक आड एक सरीत दाबावे. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत टाकून पाणी द्यावे. दिवस कळवल्यास आम्ही स्वतः बांधावर येऊ.

"आमच्या चारीवर पाचट पेटत नाही," असे म्हणणारी पहिली चारी कोणाची, याची आम्ही वाट पाहत आहोत.

— ऊस विकास अधिकारी